खारी सरोवरं आणि स्थलांतरित पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या सरोवराचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास येतात. जे पाणी पिता येत नाही, शेतीला देता येत नाही, ते राखायचं कशासाठी? पक्षी तर उडून दुसरीकडे जातील ना? काठावर झाडं लावली तर? या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट त्यांत पुन्हा पुन्हा येईल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं: खारं सरोवर जगतं ते त्याच्याकडे वाहत येणाऱ्या गोड्या पाण्यावर. ते पाणी वरच्या अंगाला अडलं, की काठावर कितीही कुंपणं घाला आणि फलक लावा, उपयोग होत नाही.

सरोवर खारं कशामुळे होतं?

पावसाचं पाणी खडक आणि माती धुऊन येतं तेव्हा थोडे क्षारही घेऊन येतं. नदी समुद्राला मिळत असेल तर क्षारही समुद्रात जातात. पण काही खोऱ्यांना बाहेर पडायला वाटच नसते. तिथे पाणी तळाशी साचतं, त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हे चालू राहिलं की खारं सरोवर तयार होतं. जगातल्या सगळ्या सरोवरांचं पाणी एकत्र मोजलं तर जवळपास निम्मं खारं भरतं. त्यातला मोठा वाटा एकट्या कॅस्पियनचा.

सगळी खारी सरोवरं सारखी नसतात. राजस्थानातलं सांभर आणि अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक यांत मुख्यतः साधं मीठ आहे. टांझानियातलं नेट्रॉन आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार ही सोड्याची सरोवरं. त्यांचं पाणी खारट आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मी आहे. कुठल्या सरोवरात कोणते जीव वाढतील, हे या फरकावरून ठरतं.

यातली बरीच सरोवरं उथळ असतात आणि त्यांचे काठ सपाट. त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी पाण्याची कड कित्येक मीटर, कुठे कुठे तर किलोमीटरभरही मागे सरकते.

एवढ्या खाऱ्या पाण्यात पक्ष्यांना खायला काय मिळतं?

फार थोड्या जातींचे जीव, पण अफाट संख्येने. खारेपणा एका मर्यादेपलीकडे गेला की मासे तग धरत नाहीत. मग पाण्यातलं शेवाळ खाणाऱ्या चिमुकल्या जीवांना खाणारं पाण्यात कुणी उरत नाही आणि त्यांची बेसुमार वाढ होते. आर्टेमिया ही नखाएवढी कोळंबी त्यांतली मुख्य. तिची अंडी कवचाच्या आत वर्षानुवर्षं कोरडी राहून पुन्हा पाणी मिळताच फुटतात. दुसरा जीव म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी ढगांसारख्या उठणाऱ्या माश्या. त्यांच्या अळ्या आणि कोश पाण्यात वाढतात. चरबीने भरलेले हे कोश म्हणजे पक्ष्यांसाठी लांबच्या प्रवासाची शिदोरी. सोड्याच्या सरोवरांत स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्मजीव माजतात. छोटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची एक जात, मुख्यतः त्यांवरच जगतो. त्याचा गुलाबी रंगही त्यांतूनच येतो.

काळ्या मानेच्या टिबुकलीचं उदाहरण तपशिलाने सांगण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेतल्या या टिबुकल्यांचा बहुसंख्य भाग हिवाळ्याआधी ग्रेट सॉल्ट लेक आणि कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकवर उतरतो. तिथे त्या आर्टेमिया खात सुटतात. वजन दुपटीच्या पुढे जातं, पचनसंस्था मोठी होते आणि उडण्याचे स्नायू इतके आक्रसतात की त्यांना उडताच येत नाही. काही महिने हा पक्षी जणू सरोवराला बांधलेला असतो. थंडीने आर्टेमिया संपत आल्या की तो उपास करतो, पचनसंस्था आकसते, पंखांचे स्नायू पुन्हा भरतात आणि मगच तो पुढे निघतो. अशा पक्ष्यासाठी सरोवर म्हणजे वाटेतला नुसता थांबा नाही. वर्षाचा एक अख्खा टप्पा त्यावर अवलंबून असतो.

विल्सन्स फॅलरोप हा छोटा पाणपक्षीही असाच. पाण्यावर गरागरा गोल फिरून तो भोवरा तयार करतो आणि खालचे जीव वर आणतो. ग्रेट सॉल्ट लेकसारख्या ठिकाणी वजन दुप्पट करून तो थेट दक्षिण अमेरिकेची वाट धरतो. तिथेही तो उतरतो खाऱ्या सरोवरांवरच. अर्जेंटिनातलं मार चिकिता हे त्यांतलं मोठं ठिकाण.

पक्षी खारं पाणी पितात का?

शक्यतो टाळतात. रोहित, कुरव अशा पक्ष्यांच्या डोळ्यांजवळ क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे थोडंफार खारं पाणी त्यांना पचतं. पण बहुतेक पक्षी रोज पिण्यासाठी आणि पिसं धुण्यासाठी गोड्या पाण्याचा झरा, ओढ्याचं मुख किंवा दलदल शोधतात. पिल्लांच्या ग्रंथी पुरत्या वाढलेल्या नसतात, त्यांना तर गोडं पाणी लागतंच. म्हणून सरोवराच्या काठचे छोटे झरे फार मोलाचे. लोणारची धार, म्हणजे तिथला गोड्या पाण्याचा झरा, नुसत्या भाविकांसाठी नाही, तिथल्या पाखरांसाठीही आहे. झऱ्यांच्या पाणलोटात बेसुमार बोअर मारल्या तर झरे आधी आटतात आणि ते सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

पातळी थोडी उतरली तर इतकं काय बिघडतं?

सरोवरातले क्षार तेवढेच राहतात आणि पाणी कमी होतं, म्हणून खारेपणा वाढतो. आर्टेमिया आणि माश्या खाऱ्या पाण्यात जगतात हे खरं, पण शरीरातला क्षार बाहेर फेकायला त्यांना ताकद खर्चावी लागते. खारेपणा वाढत गेला की त्यांची वाढ खुंटते, अंडी कमी होतात आणि शेवटी त्या नाहीशा होतात. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. ग्रेट सॉल्ट लेकची पातळी नोव्हेंबर २०२२मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला गेली, तेव्हा त्याच्या दक्षिण भागातला खारेपणा १८ टक्क्यांच्या वर होता. ज्या खडकासारख्या जैविक थरांवर माश्यांच्या अळ्या चरतात, ते थर उघडे पडून वाळले. त्या वर्षी तिथल्या संशोधकांना भीती होती ती ही की पक्षी येतील आणि ताट रिकामं असेल.

या घसरणीत दुष्काळाचा आणि वाढत्या तापमानाचा हात आहे. पण सर्वांत मोठा वाटा नद्यांतून वळवलेल्या पाण्याचा आहे आणि वळवलेल्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा शेतीचा, त्यातही लसूणघासासारख्या चारापिकांचा.

मग पक्षी दुसऱ्या सरोवरावर जाणार नाहीत का?

कुठल्या? मोठं, बिनमाशांचं, योग्य खारेपणाचं आणि नेमक्या हंगामात अन्नाने भरलेलं सरोवर हजार किलोमीटरच्या टापूत एखादंच असतं. शेजारची सरोवरंही सहसा त्याच दुष्काळात आणि त्याच पाणीवाटपात अडकलेली असतात. पक्ष्यांचे थवे जातात हे खरं, पण उरलेल्या ठिकाणी दाटी वाढते, अन्न कमी पडतं, रोग झपाट्याने पसरतो. चरबी न साठवता निघालेला पक्षी वाटेत पडला तर तो कुणाच्याच मोजणीत येत नाही. म्हणूनच ‘पक्षी दुसरीकडे गेले असतील’ हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. नुकसान न दिसण्याची सोय त्यात आहे.

पाणी वाढलं तर मात्र चांगलंच ना?

नेहमी नाही. केनियातल्या नाकुरू सरोवराची पातळी २०१०नंतर खूप वाढली. पाणी पातळ झालं, रोहितांना लागणारे सूक्ष्मजीव घटले आणि ज्या रोहितांसाठी नाकुरू जगभर ओळखलं जायचं ते मोठ्या संख्येने इतरत्र पांगले. लोणारसारख्या विवरातल्या सरोवरातही सांडपाणी आणि जादा गोडं पाणी शिरू देणं तितकंच घातक आहे. तिथल्या अल्कधर्मी पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दुसरीकडे सहज सापडत नाहीत. जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी दिसलं होतं ते अशाच खारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. राखायची असते ती त्या त्या सरोवराची नैसर्गिक चढउतार. ‘जितकं पाणी जास्त तितकं बरं’ हा हिशेब धरणाचा, सरोवराचा नाही.

एखादं खारं सरोवर खरोखर वाचवल्याचं उदाहरण आहे का?

आहे, मोनो लेकचं. ते अर्धवटच आहे आणि म्हणून जास्त शिकवणारं आहे.

१९४१पासून लॉस एंजेलिस शहराने मोनो लेकला मिळणारे ओढे आपल्या कालव्याकडे वळवले. चार दशकांत सरोवर उभ्या मापाने सुमारे १४ मीटर उतरलं आणि खारेपणा दुप्पट झाला. नेगिट नावाच्या बेटावर कुरवांची मोठी वसाहत होती. पाणी उतरल्यावर बेट आणि किनारा यांच्यामध्ये जमीन उघडी पडली, त्या वाटेने कोयोटी हे कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातले शिकारी प्राणी आत शिरले आणि १९७९मध्ये कुरवांनी नेगिट सोडलं. काठावर कुणी बंदूक चालवली नव्हती, कुणी घरटं मोडलं नव्हतं. शेकडो किलोमीटर दूर शहरात नळ उघडे होते, एवढंच.

१९७८मध्ये डेव्हिड गेन्स आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मोनो लेक कमिटी सुरू केली. प्रकरण न्यायालयात गेलं. १९८३मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असं सरोवर ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, आणि पाणी उचलण्याचे जुने हक्क या जबाबदारीच्या प्रकाशात पुन्हा तपासता येतात. या निकालाचा आधार पुढे कितीतरी ठिकाणी घेतला गेला. १९९४मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने सरोवराची पातळीच ठरवून दिली: समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट, म्हणजे सुमारे १,९४८ मीटर. तिथवर पाणी येईपर्यंत शहराने किती उचलायचं यावर मर्यादा आली.

या लढ्यातली सर्वांत चांगली गोष्ट माझ्या मते वेगळी आहे. शहराचं पाणी तोडून दुसऱ्या एखाद्या नदीवर डोळा ठेवायचा, असं कमिटीने केलं नाही. शहरातच पाणी वाचवण्यावर आणि वापरलेलं पाणी पुन्हा वापरण्यावर तिने जोर दिला. कमी पाण्यात चालणाऱ्या संडासांच्या टाक्या घरोघरी बसवणं हा त्याचाच भाग होता. लोकसंख्या वाढूनही लॉस एंजेलिसचा एकूण पाणीवापर आज १९७०च्या दशकापेक्षा कमी आहे.

अर्धवट का म्हटलं? ती पातळी साधारण २० वर्षांत गाठली जाईल असा अंदाज होता. ती अजून गाठली गेलेली नाही.

सरोवर आटलं तर माणसांचं काय बिघडतं?

धूळ. मोनोच्या दक्षिणेला ओवेन्स लेक होतं. लॉस एंजेलिसचा कालवा १९१३मध्ये सुरू झाला आणि १९२०चं दशक सरेपर्यंत ते सरोवर कोरडं पडलं. उघड्या तळावरची बारीक, क्षारयुक्त, आर्सेनिक असलेली धूळ वाऱ्यावर उडू लागली आणि तो तळ अमेरिकेतल्या धुळीच्या सर्वांत मोठ्या उगमांपैकी एक ठरला. ती धूळ दाबण्यासाठी शहराला आजवर २ अब्ज डॉलरहून जास्त खर्च करावा लागला आहे. मध्य आशियातल्या अरल समुद्राची गोष्ट आणखी मोठी. १९६०पासून आमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं गेलं. एके काळचं जगातलं चौथं मोठं सरोवर तुकड्यांत विखुरलं आणि त्याच्या तळावरून मीठ आणि कीटकनाशकं घेऊन वादळं उठू लागली. श्वसनाचे विकार, मेलेली मासेमारी, ओसाड बंदरं हे सगळं त्यामागून आलं.

पक्षी हे इथे आधी दिसणारं लक्षण असतं. तीच घसरण पुढे माणसांच्या छातीपर्यंत येते.

समुद्राचं पाणी पाइपने आणून टाकलं तर?

समुद्राच्या पाण्यासोबत आणखी मीठ येतं आणि बंदिस्त खोऱ्यातून ते बाहेर जात नाही. सरोवर भरल्यासारखं दिसेल, पण वर्षागणिक जास्त खारट होत जाईल. पाणी डोंगरापार चढवायचा वीजखर्च वेगळाच.

मिठागरं बंद करावीत का?

सरसकट नाही. चांगली चालवलेली मिठागरं पक्ष्यांना आधार देतात. एकामागून एक वाफ्यांत खारेपणा वाढत जातो, त्यामुळे शेकाट्यांपासून रोहितांपर्यंत वेगवेगळ्या पक्ष्यांना जागा मिळते. फ्रान्समधल्या कामार्गमध्ये मिठागराच्या तलावात १९७०मध्ये मुद्दाम एक बेट उभारलं गेलं आणि १९७४पासून तिथे रोहितांची वीण होऊ लागली.

प्रश्न येतो तो खारं पाणी उपसण्याच्या प्रमाणाचा. सांभरच्या परिसरात बोअर मारून भूजलातलं खारं पाणी बेकायदा उपसलं जातं आणि दुसरीकडे मेंढा, रूपनगढ अशा नद्यांच्या पाणलोटात बांध घातल्याने सरोवराकडे येणारं पाणी घटलं आहे. पिढ्यानपिढ्या मीठ पिकवणाऱ्या कुटुंबांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांना परवान्याच्या, मोजलेल्या पाण्याच्या चौकटीत आणावं लागेल.

सांभरला २०१९मध्ये इतके पक्षी का मेले?

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सांभरच्या काठी हजारो पक्षी मरून पडले; त्यांत थापट्या बदकं, चिखल्ये, शेकाटे असे कितीतरी होते. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने कारण निश्चित केलं: बोटुलिझम. उबदार, प्राणवायू कमी असलेल्या, कुजणाऱ्या चिखलात एक जिवाणू विष तयार करतो. ते पोटात गेलेल्या पक्ष्याचे पाय आणि पंख लुळे पडतात, मान सावरता येत नाही आणि तो उथळ पाण्यातही बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या पडतात, अळ्यांत ते विष साठतं, दुसरे पक्षी त्या अळ्या खातात. एका मृत्यूतून पुढचे अनेक मृत्यू असे घडतात.

म्हणून अशा वेळी पहिलं काम मेलेले पक्षी तातडीने उचलून शास्त्रोक्त विल्हेवाट लावणं हेच. पहिले काही दिवस हातचे गेले की साखळी तोडणं फार अवघड होतं. मेलेला किंवा लुळा पडलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका, कुत्री दूर ठेवा, जागेचा आणि पक्ष्याचा फोटो घ्या आणि वन विभागाला लगेच कळवा. पाहताक्षणी बोटुलिझम की बर्ड फ्लू हे कुणालाच सांगता येत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते.

काठावर झाडं लावली तर पक्ष्यांना फायदा होईल का?

कृपया लावू नका. चिखल्ये, सुरय, शेकाटे उघड्या मैदानावर घरटी करतात. शत्रू लांबून दिसणं हेच त्यांचं संरक्षण. झाड आलं की त्यावर बसायला कावळा आणि शिकारी पक्षी येतात. सांभर आणि लोणार या दोन्ही ठिकाणी पसरलेली वेडी बाभूळ काढून टाकणं हे खरं काम आहे. पांढरी, भेगाळलेली, उजाड दिसणारी पट्टी ‘ओसाड’ नसते. ती कुणाची तरी घरट्याची जागा असते.

रामसर दर्जा मिळाला म्हणजे सरोवर सुरक्षित झालं का?

रामसर हा पाणथळ जागा राखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या यादीतला दर्जा महत्त्वाचा आहे, पुरेसा नाही. सांभर १९९०पासून रामसर यादीत आहे, लोणार २०२०पासून. ज्या देशातल्या रामसर शहरात १९७१मध्ये हा करार झाला त्याच इराणमधलं उर्मिया सरोवरही यादीत आहे आणि धरणं, विहिरी व दुष्काळ यांनी त्याचा बहुतांश भाग कोरडा पडला. यादी सरोवराची सीमा आखते. पाणी मात्र त्या सीमेच्या कितीतरी बाहेरून येतं.

भारतात २०१७चे पाणथळ नियम आहेत, पण मीठ उत्पादनासाठी खास बांधलेल्या रचना त्यांतून वगळल्या आहेत. त्यामुळे मिठागरांवर येणाऱ्या पक्ष्यांना या नियमांचं छत्र मिळत नाही. ही उणीव दूर व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

पक्षी बघायला गेलो तर काय पाळावं?

पक्ष्यांनी माना वर केल्या, चरणं थांबवलं की तुम्ही फार जवळ आला आहात. तिथूनच मागे या. वीण चालू असेल तर ड्रोन उडवूच नका. रोहितांची अख्खी वसाहत एका धसक्याने अंडी सोडून उठू शकते. गाडी कोरड्या दिसणाऱ्या तळावर घालू नका, वरच्या पापुद्र्याखाली चिखल असतो आणि चाकोऱ्या वर्षानुवर्षं राहतात.

रात्रीचे दिवे हा वेगळाच धोका. डिसेंबर २०११मध्ये युटा राज्यात सीडर सिटीच्या परिसरात हिमवादळात हजारो टिबुकल्या दिव्यांनी चमकणाऱ्या फरशीला पाणी समजून उतरल्या आणि आदळल्या. त्यांचे पाय शरीराच्या फार मागे असतात, जमिनीवरून त्यांना उडताही येत नाही. सरोवराजवळ हॉटेलं, रस्ते होत असतील तर झाकलेले, खाली वळवलेले दिवे मागायला हवेत.

सामान्य माणसाने नेमकं काय मागावं, काय करावं?

दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्या. ती १९८७पासून चालू आहे आणि तिच्या जुन्या आकड्यांमुळेच ‘पूर्वी जास्त पक्षी होते’ हे आठवणीवर न सोडता दाखवता येतं. मात्र पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याचा आकडा हवा. सरोवरात मोजपट्टी रोवलेली आहे का, पातळी आणि खारेपणा दर महिन्याला नोंदवला जातो का, त्या नोंदी लोकांना बघायला मिळतात का, हे विचारा. माहितीच्या अधिकारात मागता येतं.

मग पाणलोटाचा नकाशा मागा: किती बांध, किती बोअर, किती उपसा. आणि शेवटी सर्वांत कठीण मागणी, सरोवरासाठी राखीव पाण्याची. दर वर्षी अमुक इतकं पाणी नदीतून सरोवरापर्यंत पोचेल असं लेखी ठरलं पाहिजे, दुष्काळी वर्षाचा आकडा वेगळा धरून. मोनो लेकच्या वेळी निर्णायक ठरला तो कागदावरचा एक आकडाच. ओवेन्स लेकवर तर धूळ दाबायला म्हणून तळावर उथळ पाणी सोडलं आणि काही हंगामांतच खाऱ्या माश्या वाढल्या, चिखल्ये घरटी करू लागले आणि स्थलांतरात हजारो पाणपक्षी उतरू लागले.